रिकामी किटली

"बाई, एक इचारू का? पर राग धरू नका."

अक्कांनी अशी सुरुवात केली की पुढचं वाक्य राग येण्यासारखंच असतं, एवढं मला तीस वर्षांच्या शेजारानं शिकवलंय. आमच्या दोन अंगणांच्या मधे छातीएवढी भिंत आहे. शेवग्याचं झाड त्यांच्याकडं आणि निम्म्या शेंगा माझ्याकडं. या भिंतीवरून विरजण गेलंय, वाटीभर साखर आलीय, दोन्ही घरच्या सोयरिकी जुळल्याच्या आणि एक मोडल्याची बातमीही याच भिंतीवरून गेलीय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी ढोकीत मी अजून 'बाई'च आहे.

"विचारा."

"रोज पाटंच किटली घेऊन कुठं जायलाव?"

"दुधाला."

"दूध तर गवळ्याचं पोरगं तुमच्या दारात घालतंय. त्येच्या फटफटीनं मी जागी होते." अक्कांनी शेंगा मोडता मोडता एक शेंग माझ्याकडं रोखली. "आन् दुसरं सांगते. भरली किटली असली की खांदा खाली वडतोय. तुमची किटली जातानाबी झोक्यावानी हलतीय आन् येतानाबी झोक्यावानीच."

नोकरीत मी कितीतरी पोरांच्या कॉप्या पकडल्या. पकडलं गेल्यावर तोंड कसं होतं, ते त्या दिवशी आतून कळलं.

खरं सांगते. दोन महिने झाले, मी चालायला जात होते. घरापासून स्टेशनाच्या बाजूला आणि परत. किटली रिकामी. तिच्यात जाताना काही नसायचं, येताना फार तर वाटेत मिळालेली जास्वंदाची दोन फुलं. पण किटलीशिवाय बाहेर पडायचं माझं धाडस होत नव्हतं. आपल्याकडं "कुठं निघालाव?" हा प्रश्न नाही, तो नमस्कार आहे. पण नमस्काराला उत्तर द्यावं लागतं आणि उत्तरात एक ठिकाण असावं लागतं. स्टेशनला. दवाखान्यात. शेतात. देवळात. "कुठंच नाही, नुसती चालतेय" म्हटलं की विचारणारा जागच्या जागी थांबतो, खालपासून वरपर्यंत बघतो आणि घरी जाऊन सांगतो, बाईचं आणि सरांचं काहीतरी बिनसलंय बरं का.

"म्हंजी तुमी व्यायाम करायलाव?" अक्कांनी 'व्यायाम' हा शब्द असा उच्चारला की जणू मी तमाशाच्या फडात नाव घातलंय.

"हो."

"आता? त्रेसष्टाव्या वर्षी?"

"आता नाही तर कधी? सत्तरीत?"

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. त्यांनी उरलेल्या शेंगा ताटलीत टाकल्या, पदर सावरला आणि भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. याचा अर्थ चुलीवरचं काम संपलेलं आहे आणि अर्धा तास तरी गाठीशी आहे.

"आता सगळं सांगा," त्या म्हणाल्या.

सगळं म्हणजे बारशाची गोष्ट. दिवाळीनंतर मुरुडला एका नातेवाइकांकडं बारसं होतं. सतरंजीवर बसलो, पाळणे झाले, घुगऱ्या वाटल्या, बायका भराभर उठल्या. मी उठायला गेले आणि उठेनाच. एक हात टेकला, दुसरा टेकला, गुडघ्यावर आले आणि तिथंच राहिले, गुडघ्यावर, रांगणाऱ्या पोरासारखी. शेवटी दोन पोरींनी काखेत हात घालून मला उभं केलं. बारसं बाळाचं होतं, पण रांगून दाखवलं मी. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येताना गाडीत मात्र गप्प होते. दुखत काही नव्हतं, म्हणून तर जास्त भीती वाटली. पाय दुखतो म्हणून उठता येत नाही, हे समजतं. काही दुखत नसताना उठता येत नाही, म्हणजे काय झालं? लातूरला डॉक्टरांना दाखवलं. बीपी, शुगर, एक्स-रे सगळं बघून ते म्हणाले, गुडघे वयाच्या मानानं बरे आहेत, मांड्यांत ताकद राहिलेली नाही. औषध दिलं नाही. चाला म्हणाले, आणि खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा म्हणाले.

"बास? पैसे घेऊन एवढंच सांगितलं?" अक्कांना औषध न देणाऱ्या डॉक्टरचा भरवसा वाटत नाही.

"एवढंच."

"मग आमाला कशाला पायजे व्यायाम? आमी जलमभर कष्ट उपसलं. तुमी खुर्चीवर बसून शिकवलं म्हनून तुमचं असं झालं. आमचं अंग कामानं पिळून निघालंय."

ही गोष्ट ढोकीतली कुठलीही बाई सांगेल, आणि ती खरीच आहे. पण खरी कधीची? माझ्यातली बाई जागी झाली आणि मी उलटतपासणी सुरू केली.

"अक्का, आडावर शेवटचं पाणी कधी शेंदलं?"

"नळ आल्यापास्नं कशाला शेंदावं?"

"जातं कधी ओढलं?"

अक्कांनी अंगणाच्या कोपऱ्याकडं बघितलं. जात्याची खालची तळी तुळशीच्या कुंडीखाली आहे. वरच्या पाळूवर त्यांची मांजर बसते.

"थोरलीच्या लग्नातल्या हळदीला," त्या म्हणाल्या. "तेबी पाच सवाष्णींनी नुसता हात लावायचा म्हनून."

"उखळ?"

"मिक्सर हाय की."

"सरपण डोक्यावर कधी आणलं? शेतात चालत कधी गेलात?"

"आता पोरगं गाडीवर सोडतंय ना माय. चालत कशाला जाऊ?" अक्का जराशा थांबल्या. मग एकदम, मी न विचारताच, म्हणाल्या, "खरं सांगू का बाई, चूल गेली आन् ओटा आला, तवापास्नं बसनंच गेलं बगा."

मला हे सुचलं नव्हतं. मी यादी करत होते ती अवजड कामांची. अक्कांनी बोट ठेवलं ते बसण्यावर. आणि मग त्या मोजतच गेल्या. चुलीपुढं बसून भाकरी थापताना दिवसातून किती वेळा उठ-बस व्हायची. सारवण बसून, धुणं बसून, भांडी बसून, निवडण-टिपण बसून, बाळंतिणीचं न्हाणं बसून. जेवण पाटावर. निजायचं भुईवर. परसाकडलाही उकिडवंच. आता ओटा उभ्यानं, फरशी दांडीच्या फडक्यानं, धुणं मशिनीत, जेवण टेबलावर नाही तर खाटेच्या कडेला, झोप पलंगावर आणि गुडघे दुखतात म्हणून मागच्या वर्षी संडासही खुर्चीचा करून घेतला. दिवसाच्या साठ-सत्तर उठ-बशी कोणी बंद केल्या नाहीत, त्या आपोआप बंद पडल्या. त्या गेल्या याचं दुःख करावं असंही नाही. सारवणाची आठवण काढून डोळे पुसणाऱ्या लोकांनी सारवण केलेलं नसतं. पण काम गेलं ते गेलंच, आणि त्याच्या मागोमाग मांडीही गेली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"तिशीनंतर माणसाचं मांस दर दहा वर्षांनी थोडं थोडं झडत जातं, साठीनंतर जास्त," मी म्हटलं. "वजन तेवढंच दिसतं, कारण मांसाच्या जागी चरबी येते. म्हणून काट्यावर कळत नाही. सतरंजीवर कळतं."

"झडलेलं परत येतंय व्हय?"

इथं मी माझं राखून ठेवलेलं उदाहरण काढलं. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने नावाच्या डॉक्टरीणबाईंनी नव्वदीतल्या दहा जणांना घेतलं. अशक्त माणसं, काठीवर चालणारी, काही तर त्याच्याही पलीकडची. त्यांच्याकडून आठ आठवडे मांड्यांनी वजन उचलून घेतलं, हलकं नाही, त्यांना जेमतेम झेपेल एवढं. आठ आठवड्यांनी मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे होती त्याच्या पावणेतीनपट झाली होती. त्यातल्या दोघांनी हातातली काठी सोडली.

"नव्वदीत?" अक्कांनी कोपरं उचलली.

"नव्वदीत."

"मग आपुन तर पोरीच हाव की."

आता अक्कांना हे पटलं म्हणून त्या लगेच पदर खोचून निघतील, असं वाटत असेल तर तुम्हाला अक्का माहीत नाहीत. त्यांनी विषय बदलला आणि त्यांच्या मालकांवर आल्या. मालक गेल्या सहा महिन्यांपासून 'वाकिंग'ला जातात. पोरानं पुण्याहून पांढरे बूट पाठवले आहेत. पायजमा, वर बंडी आणि खाली ते बूट, असे चार-पाच जण लातूर-बार्शी रस्त्याच्या कडेनं निघतात. हॉटेलापर्यंत चालतात, तिथं गरम भजी आणि चहा होतो, राजकारणाचा निकाल लागतो आणि कुणाच्या तरी गाडीवर बसून परत येतात.

"सहा महिन्यांत दोन किलो वाढलं," अक्का म्हणाल्या. "पर कोन हसलं का? 'तात्या तब्येतीला लई जपायलेत', असंच समदे म्हनतेत. मी निघाले असते तर?"

तर काय झालं असतं, हे दोघींनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "पण अक्का, लोक सगळ्याच चालणाऱ्या म्हाताऱ्यांना हसत नाहीत. शेगावची पालखी आपल्याकडनं जाते, तेव्हा तुम्ही काय करता?"

"पाया पडते." मग त्यांना माझा डाव कळला. "व्हय की."

दर वर्षी आषाढीच्या आधी गजानन महाराजांची पालखी कळंबकडून येऊन धाराशिव, तुळजापूर, सोलापूरमार्गे पंढरपूरला जाते. महिनाभराची पायपीट. आपल्या शेजारच्या तेरचीही माणसं गोरोबाकाकांचं नाव घेऊन चालतात. सत्तरीची बाई, डोक्यावर तुळस, पायात साधी चप्पल, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. तिला कोणी "या वयात कशाला?" म्हणत नाही. तिला पाणी देतात, केळी देतात, तिच्या पायांना तेल लावतात. तेच अंतर तिनं देवाचं नाव न घेता चालावं, मग बघा.

आणि धावणं? धावण्याचंही उदाहरण आहे, फार लांबचं नाही, बारामतीचं. लता भगवान करे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामतीला आलेल्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या. साठी उलटलेली. नवऱ्याचं आजारपण निघालं, तपासणीला पैसे नाहीत. कोणीतरी सांगितलं, बारामतीत मॅरेथॉन आहे, ज्येष्ठांचीही एक शर्यत आहे, पहिल्याला बक्षीस आहे. बाई नऊवारीत उतरल्या, वाटेत चप्पल पायातून निघाली तर अनवाणी पळाल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्याही वर्षी पळाल्या. २०२० साली त्यांच्याच नावाचा मराठी सिनेमा आला, त्यात लताबाईंचं काम लताबाईंनीच केलं आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

"ते टीवीवर बगितलंय मी," अक्का म्हणाल्या. "रडले होते."

"मीही."

"नवऱ्यासाठी पळाली माउली." अक्का गप्प झाल्या. शेवग्यावर भारद्वाज येऊन बसला होता, त्याच्याकडं बघत राहिल्या. "बाई, ती सोतासाठी पळाली असती, तर सिनेमा निघाला असता का?"

मी नोकरीत पस्तीस वर्षं प्रश्न विचारले. इतका नेमका प्रश्न मी एकदाही विचारला नसेल. बाईमाणसाला अंग हलवायची मुभा आहे, देवासाठी, नवऱ्यासाठी, नातवाच्या मागं धावण्यासाठी, पापडाचं पीठ कुटण्यासाठी. नुसतं आपल्या मांडीसाठी नाही. म्हणून तर माझ्या हातात किटली होती.

"आता तुमी म्हनताव तो डाक्टरचा हिशेब तरी काय हाय?" अक्कांनी विषय वळवला. जड बोलणं झालं की त्या लगेच हिशेबावर येतात. "किती चालावं लागतंय?"

मी मनगट पुढं केलं. लेकीनं पावलं मोजणारं घड्याळ दिलंय. दहा हजार पावलं झाली की ते हातावर थरथरतं. पहिले पंधरा दिवस मी त्या दहा हजाराच्या इतकी मागं लागले होते की रात्री साडेनऊला अंगणात येरझाऱ्या घालायची. सर म्हणायचे, काही हरवलंय का? मग वाचनात आलं की हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यानं काढलेलाच नाही. १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं यंत्र' अशा अर्थाचं ठेवलं. नाव गाजलं, आकडा चिकटला.

"म्हंजी दुकानदारानं ठरवलं."

"दुकानदारानं ठरवलं. पुढं २०१९ साली अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या हजारो बायकांची पावलं मोजली. ज्या दिवसाला चार हजार चारशेच्या आसपास चालत होत्या, त्या दोन हजार सातशेवाल्यांपेक्षा पुष्कळ कमी मेल्या. साडेसात हजारांच्या पुढं गेलं तरी फारसा जास्तीचा फायदा दिसला नाही."

"मग हे रातीचं येरझाऱ्या घालनं?"

"बंद केलं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटं तरी जरा दमछाक होईल असं चालावं, दोन दिवस ताकदीचं काही करावं आणि तीन दिवस तोल सांभाळायचं."

"जरा दमछाक म्हंजी किती? ते कसं कळावं?"

"चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता आलं नाही पाहिजे."

"म्हंजी गप्पा मारता याव्या, पर अभंग म्हनता येऊ नये," अक्का म्हणाल्या. "आपल्यापुरतं जमतंय. मला एरवीबी अभंग म्हनता येत न्हाई."

मी त्यांना औंधच्या राजांचंही सांगितलं. सातारा जिल्ह्यातलं औंध संस्थान, भवानराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८ चा. तरुणपणी सँडो नावाच्या युरोपातल्या पैलवानाची व्यायामाची उपकरणं मागवून बरीच वर्षं घाम गाळला. मग चाळिशीला आल्यावर ते सोडून सूर्यनमस्कार धरले आणि पुढं आयुष्यभर सोडले नाहीत. नुसते घातले नाहीत, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांतून घालायला लावले. १९५१ साली गेले तेव्हा ऐंशी ओलांडलेली होती.

"राजाला पानी शेंदायचं नव्हतं," अक्कांनी निकाल दिला. "आन् म्या आता सूर्याला नमस्कार घालाया वाकले, तर सूर्य मावळंस्तोवर वर येनार न्हाई."

तेही खरंच. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिला सूर्यनमस्कार घालायला मीही सांगणार नाही. तसा उत्साह करून कंबर धरून बसलेले दोघे तरी मला माहीत आहेत. त्यातले एक माझ्याच घरात आहेत.

मग मी ती परीक्षा सांगितली. ब्राझीलमधल्या डॉक्टरांची, २०१२ सालची. उभ्या माणसानं आधार न घेता भुईवर बसायचं आणि आधार न घेता उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात टेकला, एक गुण गेला. गुडघा टेकला, एक गेला. मांडीला हात लावला तरी एक गेला. झोक गेला तर अर्धा. एक्कावन्न ते ऐंशी वयाच्या दोन हजार दोन माणसांची त्यांनी अशी परीक्षा घेतली आणि पुढं काही वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना गुण कमी, त्यांच्यात दगावलेली माणसं जास्त निघाली. आता यावरून कोणी असं समजू नये की गुण वाढले म्हणजे आयुष्याची दोरी लांबली. आधीच आजारी असलेल्या माणसाला उठता येत नसतं, हेही त्यात आहेच. पण आपण कुठं आहोत, हे कळायला परीक्षा बरी.

अक्का हसायला लागल्या. "हे तर गोरोबाकाकाचं थापटनं झालं!"

तेरच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ही कथा सांगावी लागत नाही, पण तुमच्यातलं कोणी लांबचं असेल म्हणून सांगते. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं काकांना विचारलं, हे लाकडी थापटणं कशासाठी? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं, ते बघायला. मग आमचीही बघा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत नेलं. सगळे निमूट बसले, नामदेव मात्र रुसले, ओरडले. मडकं कच्चं.

"चला," अक्का म्हणाल्या, "आज थापटनं मारूनच बगू. आदी तुमी. मास्तरीनबाई हाव."

आमच्या अंगणात कोणी नव्हतं. सर आत पेपर वाचत होते. मी किटली भिंतीवर ठेवली, साडी गुडघ्यापर्यंत सावरली आणि बसले. बसताना एक हात टेकला. उठताना एक हात, एक गुडघा आणि मग जरासा झोक. दहातले साडेसहा.

"सहा," अक्का भिंतीवरून डोकावून म्हणाल्या. "बसतानाबी झोक गेलता."

"नव्हता गेला."

"म्या बगितला."

पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्धे गुण कापले, तेव्हा वाद घालायला गेले नाही. "आता तुम्ही."

अक्कांनी चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि भुईवर अशा बसल्या की मला हेवा वाटला. हात नाही, गुडघा नाही, सरळ मांडी. पाच. चुलीपुढच्या चाळीस वर्षांचे ते पाच. मग उठायला लागल्या. एक हात टेकला. दुसरा टेकला. गुडघा. मग पुन्हा हात मांडीवर. मग म्हणाल्या, "मांजर कुठं गेली?" जणू तिच्यासाठीच त्या भुईवर थांबल्या होत्या. शेवटी जात्याच्या पाळूला धरून उभ्या राहिल्या.

दोघी काही बोललो नाही. हसलोही नाही.

"पाच आन् एक," त्या म्हणाल्या. "सहा."

"जातं धरलं त्याचा तोही गेला."

"जातं माझंच हाय," अक्का म्हणाल्या. "त्येचा गुन कापायचा न्हाई."

सहावर दोघींची बरोबरी ठरली.

त्यानंतर काय काय झालं, ते थोडक्यात सांगते. चालायचं ठरलं, पण वाटेवर वाद झाला. लातूर-बार्शी रस्ता मालकांच्या मंडळानं धरलेला, शिवाय हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही की काही नाही. तिकडं नको. तेरच्या बाजूला कुत्री. शेवटी स्टेशनाचीच वाट ठरली. अक्कांना ती लहानपणापासून आवडते. छोट्या लाइनीची बार्शी लाइट होती तेव्हा, त्या सांगतात, गाडी इतकी हळू जायची की पोरं उतरून बोरं वेचून पुढच्या डब्यात चढायची. ही गोष्ट त्या लाइनीवरच्या प्रत्येक गावात सांगतात आणि प्रत्येक गावाला ती आपल्याच गावची वाटते. ती लाइन १९११ साली लातूरपर्यंत आली, आणि २००७-०८ च्या सुमाराला मोठी झाली. आता गाडीमागं पळायची सोय नाही.

ताकदीचं काम मात्र भिंतीवरच होतं. खुर्चीवरून उठ-बस आपापल्या घरात. पण टाचा उचलणं, दोन्ही हात भिंतीवर टेकवून चवड्यांवर वर जायचं आणि हळू खाली यायचं, पोटरीला चांगलं आणि तोलालाही चांगलं, ते आम्ही गप्पा मारतामारताच करतो. मी वर गेले की अक्का खाली, अक्का वर की मी खाली. बोलण्यात खंड पडत नाही, उलट कुणाच्या तरी सुनेची गोष्ट रंगात आली की पंधराचे तीस कधी होतात, कळत नाही. सरांनी एकदा खिडकीतून बघितलं. त्यांना भिंतीच्या वर दोन डोकी आळीपाळीनं उगवताना आणि मावळताना दिसली. ते पेपर घेऊन आत गेले. विचारलं नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली की माणूस काही गोष्टी विचारत नाही.

पहिल्या दिवशी सहाला मी फाटकाशी उभी होते. अक्का बाहेर आल्या. हातात किटली, झाकण लावलेली, भली मोठी, तीन लिटरची.

"तुमचं तर दूध घरचंच आहे," मी म्हटलं. "म्हैस दारात बांधलीय."

"गप बसा," अक्का म्हणाल्या आणि चालू लागल्या.

परवा पिठाच्या गिरणीत नंबर लावून उभी होते. माझ्या पुढच्या दोघी पाठमोऱ्या बोलत होत्या, मी मागं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. एक म्हणत होती, "आमच्या आळीतल्या त्या बाई आन् त्या अक्का, दोघी रोज एवढ्या मोठ्या किटल्या घेऊन स्टेशनाकडं जायल्यात. एवढं दूध दोघींच्या घरात करतेत तरी काय?"

दुसरी म्हणाली, "खव्याचा धंदा काढलाय म्हनं. पेढे लातूरला जातेत."